पेंटॅक्स के१००० आणि डिजिटल: भुसावळच्या उन्हात आठ महिने

मामांचा पेंटॅक्स के१०००, म्हणजे जुना फिल्मचा कॅमेरा, ऑक्टोबरात माझ्याकडे आला. तेव्हापासून तो आणि माझा डिजिटल कॅमेरा (डीएसएलआर) एकाच पिशवीत असतात. फिल्मची मजा काही औरच, एवढं ऐकून कुणी रोल विकत घेऊ नये. आपल्याकडचं ऊन आधी बघावं, कारण माझा सगळा निकाल उन्हानेच लावला.

एप्रिलात भर दुपारी सावद्याजवळ केळीच्या बागेत फोटो काढले. समोर पांढरी टोपी घातलेले शेतकरी काका, मागे पानांखालचा काळोख. डिजिटलवर चेहरा उजळवला की टोपी म्हणजे नुसता पांढरा डाग. रॉ फाइल (सेन्सरने नोंदलेली कच्ची फाइल) संगणकावर कितीही ओढली तरी टोपीची शिवण परत येत नाही, कारण सेन्सरवरचा तो बिंदू काठोकाठ भरला की पुढचा उजेड नोंदलाच जात नाही. तीच चौकट कोडॅक गोल्ड २०० या कलर निगेटिव्ह फिल्मवर (२०० म्हणजे तिची उजेड टिपायची क्षमता, आयएसओ) सावलीतला उजेड मोजून, वर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड देऊन घेतली. टोपीची शिवण दिसते, कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. कलर निगेटिव्ह जास्त उजेड सोसते, कमी सोसत नाही; डिजिटलचं बरोबर उलटं. वाचून माहीत होतं, पण पटलं त्या टोपीमुळे. शिवाय पेंटॅक्समधल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा सेल संपला तरी हा कॅमेरा चालतो. अशा उन्हात २०० च्या फिल्मला लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/२५० सेकंद धरलं की झालं.

पण सारंगखेड्याच्या यात्रेत फिल्मने मला रडवलं. दत्तजयंतीचा घोडेबाजार, तापीकाठची धूळ, ३६ फोटो मोजून मापून काढले. घरी येऊन रोल धुतला तर कोरा! फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या गुंडाळायच्या रिळात (स्पूलमध्ये) नीट अडकलंच नव्हतं. आता लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची घुंडी फिरते का, हे प्रत्येक रोलला बघतो. ती फिरत नसेल तर आत फिल्म सरकत नाही. त्या दिवशीचे जे थोडे घोडे माझ्याकडे आहेत ते डिजिटलवरचे.

ब्लॅक अँड व्हाइट रोल मी घरीच धुतो, आणि खरी कसोटी तिथे लागते. इलफर्ड एचपी५ या फिल्मसाठी डी-७६ हा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) पाण्याने एकास एक पातळ केला तर २० अंशांवर ११ मिनिटं. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, २० अंश कुठून आणायचे? शेवटी माठ कामाला आला. रात्रभर माठात निवलेलं पाणी, त्यात बर्फाच्या पिशव्या. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणी तिन्ही एकाच तापमानाला हवीत, नाहीतर फिल्मचा थर फुगतो, आखडतो आणि त्यावर बारीक जाळी उठते. माझा एक रोल असाच गेला. शेवटी पाण्याने धुताना नळ सोडून ठेवत नाही. फिल्मचा बंद डबा पाण्याने भरून ५ वेळा उलटा-सुलटा, पाणी बदलून १०, पुन्हा बदलून २०. तेवढ्यात फिल्म स्वच्छ होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही पद्धत सोन्यासारखी आहे.

अजिंठ्याला मात्र फिल्म नेऊ नका. फ्लॅशला बंदी, आत अंधार, ४०० ची फिल्म तिथे हात टेकते. डिजिटलला आयएसओ ६४०० वर नेलं की पद्मपाणीचं भित्तिचित्र कॅमेरा हातात धरूनही टिपता येतं. ज्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षं घालवली, त्याची कबर आमच्या भुसावळात आहे. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. माझी एक हार्ड डिस्क दोन वर्षांच्या फोटोंसकट बंद पडली, तेव्हा गिलची फार आठवण आली. मामांच्या जुन्या निगेटिव्ह अजून पत्र्याच्या डब्यात शाबूत आहेत. तरी मी आता निगेटिव्हही स्कॅन करतो आणि फाइली दोन जागी ठेवतो.

खर्च? रोल आणि स्कॅन धरून माझा एक फोटो चाळीसेक रुपयांना पडतो. हिशेब करणाऱ्याने डिजिटलच घ्यावा. आजीचे फोटोही मी डिजिटलवरच काढतो. बटण दाबलं की लगेच अहिराणीत विचारते, "कोठे शे मना फोटू? दखाड." तिला फिल्मसाठी तीन आठवडे थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फ्रिजमध्ये दोन रोल उरलेत, ते श्रावणातल्या कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या, उत्सवासाठी ठेवलेत. रविवारच्या रात्रीच्या जागरणाला डिजिटल, सोमवारी सकाळी विसर्जनाला निघाल्यावर पेंटॅक्स.