चवथीला घर भरलंय, सिनेमा कोणता लावायचा?

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, रात्रीची आरती आटोपली, घुमट-शामेळ ही वाद्यं बाजूला ठेवली, नेवऱ्यांचा डबा फिरला की कुणीतरी म्हणतंच, 'आता एखादा सिनेमा लावा.' मग मुंबईचे पाहुणे एक नाव घेतात, फोंड्याची आत्या दुसरं, पोरं तिसरं. माझं म्हणणं एवढंच: समोर कोण बसणार ते आधी बघा, विनोदी की गंभीर हे नंतर ठरवा.

आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे असतील तर 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हमखास हसवतो, पण तो सगळ्यांना पाठ आहे. त्यापेक्षा परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावा. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' काढताना दादासाहेब फाळक्यांनी केलेला खटाटोप त्यात इतक्या हसतमुखाने येतो की पोरंही जागची हलत नाहीत. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळत नाही, आणि पुरुष मिशा काढायला तयार नाहीत! जत्रेतल्या नाटकांत पुरुषांना लुगडं नेसून उभं राहिलेलं पाहिलेल्या आजोबांना हा भाग फार रंगेल.

नुसती पोरंच असतील तर दोन सिनेमे, दोन्हींत सायकल. धाकट्यांना पंढरपूरचा 'एलिझाबेथ एकादशी', थोड्या मोठ्यांना अविनाश अरुणचा 'किल्ला'. वडील गेलेत, आईची कोकणात बदली झालीय, नवी शाळा, नवे मित्र, वर धो धो पाऊस; 'किल्ला'तला तो मुलगा काय सोसतोय ते दहा-बारा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं.

गाणी हवी असतील तर 'नटरंग' (२०१०) की 'नाचुंया कुंपासार' (२०१४)? दोन्हींत कलेपायी माणूस पोळतो. 'नटरंग'मध्ये अतुल कुलकर्णींचा पिळदार गुणा फडासाठी नाच्या होतो. त्याची चाल, मान, मनगट कसं बदलत जातं ते बघण्यासारखं आहे. पण गोव्यातल्या घरात मी बार्द्रॉय बार्रेतोंचा कोंकणी 'नाचुंया कुंपासार'च लावीन. कोंकणी संगीतकार ख्रिस पेरींची गाणी आहेत, आणि मुंबईला जाऊन हिंदी सिनेसंगीतासाठी वाजवणारे, तरीही पडद्यावर नाव न आलेले आपले गोंयकार वादक त्यात दिसतात. ख्रिस्ती शेजारी चवथीला आलेले असतील तर दुसरा विचारच नको, ते गाणी बरोबर म्हणतील. आपल्या मराठी घरांतून मात्र हा सिनेमा फार कमी बघितला गेलाय, याचं मला वाईट वाटतं.

पोरं निजल्यावर चार माणसं जागी राहिली, तर खरी निवड 'कासव' आणि 'पलतडचो मुनिस' यांच्यातली. मनाने कोलमडलेला जीव आणि त्याला आसरा देणारं परकं माणूस, हे दोन्हींत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या 'कासव'मध्ये जानकी एका खचलेल्या तरुणाला घरी आणते आणि त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. बाजूला किनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचं काम चाललेलं असतं. गोव्यातल्या मोरजी, गालजीबाग किनाऱ्यांवरच्या लोकांना ते नवीन नाही. घरात कुणी नैराश्यातून जात असेल, तर हा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघावा; त्या माणसाशी कसं बोलावं, कधी गप्प बसावं, हे त्यातून कळतं.

लक्ष्मीकांत शेटगावकरांचा 'पलतडचो मुनिस' (२००९) जड जातो. महाबळेश्वर सैलांच्या कादंबरीवरचा हा कोंकणी सिनेमा टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवातून समीक्षकांचा पुरस्कार घेऊन आला. बायको गेल्यावर रानात एकटा राहणारा वनरक्षक एका वेड्या बाईला घरात घेतो, आणि गाव त्याच्यावर उलटतो. कोण शहाणं, कोण वेडं, यावर नंतर वाद होणारच. वाद घालायला आवडणारी माणसं असतील तर हाच लावा. 'कासव' आणि हा एकाच रात्री मात्र नको, दोन्हींनंतर थोडं बोलायला वेळ लागतो.

भीतीच हवी असेल तर 'तुंबाड' (२०१८). त्यातला पाऊस, तो जुना वाडा कोकणी माणसाच्या अंगावर येतो. एवढंच सांभाळा, लहान पोरं खरंच झोपली आहेत ना ते आधी आत जाऊन बघून या.