विमानाच्या पंखाच्या कापडाला झोळ पडलाय: इस्त्री, डोप की नवं कापड?

हातात इस्त्री घेण्याआधी झोळ नेमका कुठे आहे ते बघा. सकाळी शेडचं दार उघडून तिरप्या उजेडात पंखाच्या टोकाकडून नजर टाकली की लगेच कळतं. दोन फासळ्यांच्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्यांच्या, मधलं कापड ढिलं असेल तर दुखणं कापडाचं आहे. पण कापड फासळीवरूनच उचललं गेलं असेल, बोटाने दाबल्यावर फासळीला टेकत असेल आणि सोडल्यावर पुन्हा वर येत असेल, तर तिथली शिवण गेली आहे. उडताना पंखाच्या वरच्या कापडाला हवा वर ओढत असते, त्यामुळे एक टाका तुटला की त्याचा भार शेजारच्या टाक्यांवर येतो. मागची कड वाकली किंवा आत फासळी मोडली तरी वरून फक्त ढिलं कापडच दिसतं. अशा पंखावर खालचे तिन्ही उपाय फिजूल आहेत. आधी उघडून बघा.

सांगाडा आणि शिवण ठीक असेल तर पुढचा प्रश्न कापड कुठलं हा. 1958 साली पहिल्यांदा उडालेल्या आपल्या पुष्पक या छोट्या विमानाच्या काळात विमानांना सुती कापड आणि त्यावर डोप, म्हणजे वाळताना कापड ताणून घट्ट करणारा लेप, ही पद्धत रूढ होती. आज बहुतेक ठिकाणी पॉलिस्टर वापरतात. या दोघांचे उपाय अगदी वेगळे आहेत.

पॉलिस्टर उष्णतेने आखडतं. आधी साधारण 120 अंश सेल्सियस, मग 150 आणि शेवटी 177, अशी टप्प्याटप्प्याने इस्त्री सगळ्या पंखावर सारखी फिरवत जायची. कापड चढवणाऱ्याने 120 वरच काम थांबवलं असेल, तर त्या कापडात अजून आखडायला जागा असते आणि इस्त्री हाच सर्वांत स्वस्त, सर्वांत चांगला उपाय ठरतो. 177 आधीच देऊन झालं असेल तर मात्र थांबा. हलगी ढिली पडली की जाळावर धरून पुन्हा चढवता येते, हे कापड तसं नाही. 177 च्या वर गेलात तर ते उलट कायमचं सैल पडायला लागतं.

म्हणून इस्त्रीच्या चकतीवरच्या खुणांवर अजिबात विसंबू नका. घरगुती इस्त्रीचं तापमान बरंच वरखाली होत राहतं. मल्टीमीटरला लावायचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घ्या, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे मिळणारी थर्मल पेस्ट लावून तो इस्त्रीच्या तळाला टेकवा, आकडा स्थिर होऊ द्या आणि मग खूण करा. लांबून तापमान सांगणारी इन्फ्रारेड बंदूक चकचकीत धातूवर चुकीचं, बहुतेक वेळा कमी तापमान दाखवते. त्या भरवशावर कापड हमखास जास्त तापतं. हीट गनचा मोह तर टाळाच. तिच्या झोताचं तापमान अंतराप्रमाणे बदलतं, आणि कडेचा गोंद मऊ पडून सांधाच सरकू शकतो.

इस्त्रीला आणखी एक मर्यादा आहे. रंगाचे थर चढलेल्या पंखावर ती चालवणं जोखमीचं आहे, कारण काही प्रकारचे थर उष्णतेने मऊ होऊन तळाला चिकटतात. त्यातला चंदेरी थर ऊन अडवतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिस्टर कमजोर होतं. तेव्हा झोळ घालवायच्या नादात तो थर खरवडला गेला तर तोटाच जास्त.

सुती कापडावर डोप असेल तर रिजुव्हिनेटर हा पर्याय आहे. तो जुना, तडे गेलेला डोप मऊ करतो. कापड आधी आणखी ढिलं दिसतं आणि वाळताना पुन्हा ताणलं जातं. पण त्याने कापडाची ताकद तसूभरही वाढत नाही. ग्रेड-ए सुती कापडाची एक इंच रुंद पट्टी नवी असताना 80 पाउंड ताण सोसते. ती 56 च्या खाली आली की कापड काढायचंच. ही चाचणी न करता रिजुव्हिनेटर मारणं म्हणजे कुजक्या कापडाला नवा रंग देणं, आणि त्या पंखाखाली माणूस बसणार आहे.

राहिलं नवं कापड. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त, पण स्पार (पंखाचा मुख्य दांडा), फासळ्या, गंज, लाकडाचे सांधे सगळं डोळ्यांनी बघायला मिळतं. कापडाचं वय झालं असेल किंवा आधीच्या कामाची नोंद नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: एका पंखावर ठिगळं लावत बसू नका, पूर्ण उघडा.

सोलापुरात कापडाला काय तोटा, असं वाटेल. पण आपल्याकडचं बाजारातलं पॉलिस्टर सहसा स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या यंत्रावर, तापवून आधीच स्थिर केलेलं असतं, ते पंखावर हवं तसं आखडणार नाही. विमानाचं कापड मुद्दाम तसं न तापवता ठेवतात. ते मान्यताप्राप्त कंपनीचंच मागवा, आणि गोंद-डोप ज्वालाग्राही असल्याने साध्या पार्सलने येत नाहीत, हे धरून आधीच ऑर्डर द्या. यंत्रमागावर काम केलेला माणूस मदतीला मिळाला तर जरूर घ्या. उभा-आडवा धागा तिरका गेलाय का, हे त्याला लांबूनच दिसतं.

वेळही जपून निवडा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीपार असताना द्रावक ब्रश फिरवेपर्यंतच उडून जातो, पावसाळ्याच्या दमट हवेत डोपवर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. नायट्रेट डोप भडकन पेटतो, त्यामुळे शेडमध्ये वेल्डिंग चालू असेल तर डब्याचं झाकणही उघडू नका. आणि विमान नोंदणीकृत असेल तर यातला कुठलाही उपाय परवानाधारक इंजिनियरला आधी विचारून, त्याच्या देखरेखीखाली आणि सहीनिशीच करायचा.