‘नॉर्थ अँड साउथ’: मागवाल्याच्या नजरेने

बीबीसीची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही 2004 सालची मालिका चार भागांची, साधारण चार तासांची. तिचं नाव निघालं की चर्चा होते ती मार्गारेट हेल (डॅनिएला डेन्बी-ॲश) आणि गिरणीमालक थॉर्न्टन (रिचर्ड आर्मिटेज) यांच्या प्रेमाची. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेत ज्यांच्या घरी माग चालतो, त्यांनी ती गिरणीसाठी पाहावी.

विणकाम खात्यातली यंत्रं खरी आहेत. चित्रीकरण इंग्लंडमधल्या बर्नली गावच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये झालं. तिथले लँकाशायर माग वाफेच्या एकाच इंजिनावर चालायचे. छतालगत फिरणारे लांब शाफ्ट आणि तिथून प्रत्येक मागावर उतरणारा चामड्याचा पट्टा, अशी ही रचना. माग थांबवायचा तर पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवायचा. वर शाफ्ट फिरतच राहतो. आपल्याकडे मागागणिक मोटर असते, त्यामुळे पट्ट्यांचं हे जंगल मुद्दाम निरखून पाहा. पदर किंवा केस अडकले तर काय होईल, ते लगेच कळतं. ही गिरणी 1894 ची आणि कथा 1850 च्या दशकातली, एवढा फरक आहे. पण या जातीचा माग 1842 मध्येच निघाला होता, म्हणून तो फारसा खटकत नाही.

खटकतो तो बर्फासारखा उडणारा कापूस. दृश्य देखणं आहे, पण खातं चुकलं आहे. तंतू सर्वांत जास्त उडतात ते गाठी फोडून रुई झोडपताना आणि कार्डिंगमध्ये, तारेच्या दातांतून ती विंचरली जाताना. मागावर येईपर्यंत सुताला पीळ बसलेला असतो, ताण्याला (उभ्या धाग्यांना) खळ लावलेली असते. तिथे धूळ असते, पण ती बरीचशी खळीची आणि मागाखाली साचणारी. शिवाय धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात. इतकी हिमवृष्टी तिथे होणार नाही.

एलिझाबेथ गॅस्केलच्या मूळ कादंबरीत हे बरोबर आहे. तिथली बेसी हिगिन्स कार्डिंग खात्यात काम करून छातीने खंगलेली आहे. काही मालक त्या खात्यात धूळ ओढून नेणारं मोठं चाक बसवतात, पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि नफा काही मिळत नाही, म्हणून बाकीचे टाळतात, असं ती सांगते. पुढचा तपशील फार बोचरा आहे: चाक असलेल्या जागी काम करणं काही कामगारांनाच नको असायचं. पोटात कापूस जायची सवय झालेली. तो थांबला की भूक जास्त लागते, तेव्हा मजुरीही वाढवून द्या, असं त्यांचं म्हणणं. गिरणीतल्या माणसांशी बोलल्याशिवाय असं सुचत नाही. गॅस्केल मँचेस्टरलाच राहत होती आणि कथेतलं मिल्टन हे त्याच शहराचं रूप आहे.

कादंबरी सप्टेंबर 1854 ते जानेवारी 1855 या काळात चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात आली. नाव त्यानेच सुचवलं. जागा अपुरी पडल्याने शेवट घाईत उरकावा लागला. 1855 च्या पुस्तकात तिने तो वाढवला. मागे ताजा संदर्भ होता प्रेस्टनच्या संपाचा: 1853-54, मागणी दहा टक्के मजुरीवाढीची. मालिकेतला संपही ठसठशीत उतरला आहे. निकोलस हिगिन्स हा संघटनेचा माणूस कुठेही खलनायक किंवा संत होत नाही. थॉर्न्टन एका कामगाराला मारहाण करतो तो प्रसंग मात्र मालिकेने जोडलेला आहे, कादंबरीत नाही. तरी कारण पटतं: कापूस उडणाऱ्या जागी विडीची एक ठिणगी सगळी गिरणी जाळू शकते.

चॅनल फोरची ‘द मिल’ (2013) ही मालिका कादंबरीवरची नाही. ती इंग्लंडमधल्या क्वारी बँक गिरणीच्या दप्तरातून उभी केली आहे आणि 1833 मध्ये सुरू होते. बालमजुरांसाठी ती पाहावी. पटकथा मात्र अधूनमधून भाषणबाजीवर येते.

मराठीत या विषयाला मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीपासून वाट आहे, पण ती मुंबईची. घटप्रभेच्या धबधब्यालगत 1885 पासून उभ्या असलेल्या गोकाकच्या सूतगिरणीवर अशी चार भागांची मालिका व्हायला हवी, कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या पात्रांची.

उत्तर इंग्लंडचे उच्चार जड आहेत, सबटायटल लावूनच बसा. आधी मालिका, मग कादंबरी. वेळ नसेल तर 13 वं प्रकरण तरी वाचा. धूळ ओढणाऱ्या चाकाची गोष्ट तिथेच आहे.