दुसरी-तिसरीच्या वर्गात स्टोरीवीव्हर: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुलांच्या हातात टॅब देऊन बाजूला होणार असाल, तर यातलं काहीच कामाचं नाही, हे आधीच सांगते.

स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ना-नफा संस्थेचं मोफत डिजिटल ग्रंथालय 2015 पासून सुरू आहे. पुस्तकं चार पातळ्यांत लावलेली: पहिलीत 250 शब्दांच्या आतली, चौथीत 1500च्या पुढची. मराठी गोष्टी भरपूर. पण नुसती पातळी बघून पुस्तक निवडू नका. मराठीत मूल अडतं ते शब्दसंख्येवर नाही, जोडाक्षरावर. इवल्याशा गोष्टीत एखादा ‘स्वच्छ’ किंवा ‘गर्दी’तला रफार आला की अख्खं पान थांबतं. म्हणून गोष्ट आदल्या दिवशी मी स्वतः वाचते आणि अडतील असे शब्द फळ्यावर आधीच घेते.

खरी गंमत आवाजाची. काही गोष्टी वाचून दाखवल्या जातात, वाचला जाणारा शब्द रंगतो, वर्ग खूश. पण मुलांची नजर बघा, ती चित्रावर असते! गोष्ट ऐकून पाठ होते आणि आपल्याला वाटतं वाचता आलं. मधलंच एक वाक्य चित्राशिवाय फळ्यावर लिहा, लगेच कळेल. आमचा क्रम त्यामुळे उलटा आहे. आवाज बंद, पान प्रोजेक्टरवर, एकजण शब्दाखाली पट्टी फिरवणार, बाकीचे वाचणार. मग तेच पान जोड्यांमध्ये. आवाज सगळ्यात शेवटी. तेव्हा मुलं ऐकत नाहीत, आपलं वाचन ताडून बघतात. ‘बाई, तिथे थांबायचं होतं’ हे त्यांचं त्यांनाच उमगतं. स्वल्पविराम शिकवायला मला तरी याहून सोपं काही सापडलेलं नाही.

मोठ्याने वाचून घेऊन चुका दाखवणारं दुसरं एक अ‍ॅपही वापरलं. त्याला बोलीतला ‘न’ आणि ‘ण’ चालेना. अर्थ नीट लावून वाचणाऱ्या मुलीचाही शब्द लाल. ती वाचायचीच बंद झाली, तेव्हा आम्ही ते अ‍ॅप काढून टाकलं. त्यातले ‘इतकी पुस्तकं पूर्ण’ छापाचे अहवालही फुकाचे. नुसती पानं सरकवली तरी पुस्तक पूर्णच.

स्टोरीवीव्हरच्या खुल्या परवान्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. श्रेय दिलं की पुस्तक छापता येतं, मजकूर बदलताही येतो. तिसरीच्या मुलांनी एका गोष्टीचा शेवट बदलला, आम्ही ती छापून स्टेपल केली. आता दुसरीत त्याच प्रतीवरून भांडणं होतात. नेट नसलं तरी हे छापील गठ्ठे असतातच.

खर्च करायचाच असेल तर आधी प्रोजेक्टर आणि प्रिंटर बघा. टॅबचं नंतर.