ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली गावचा पेट्रोल पंप: सेवेला पाच तारे, कराबद्दल तक्रार

पहाटे ५ लाही उघडा, काच पुसायचं पाणी स्वच्छ, कॉफी कडक. मागच्या महिन्यात माझं टायर पंक्चर झालं, तर काउंटरवरची मुलगी जॅक घेऊन धावत आली.

मी नर्स, रुग्णांकडे स्वतःच्या छोट्या गाडीने जाते. ४० लिटर भरले की जवळपास २० डॉलर नुसता इंधनकर. गावाला लागूनच सुपर पिट, सोन्याची खाण. तिथल्या अवाढव्य डंपरांच्या डिझेलवरचा हाच कर ऑस्ट्रेलिया सरकार पूर्ण परत करतं, २००६ च्या कायद्याने. कारण देतात, हे डंपर सार्वजनिक रस्ते वापरत नाहीत. पण हा कर रस्त्यांसाठी राखून ठेवणं तर १९५९ मध्येच बंद झालं! शेतकऱ्यांनाही मिळणारी ही सवलत राहू दे, खाणींची थांबवा.