वाशीच्या एजंटकडून चायना माल मागवला, ५ पैकी साडेतीन स्टार

माझं ठाण्याच्या नौपाड्यात घरगुती सामानाचं छोटं दुकान आहे, डबे, ट्रे, मसाल्याचे रॅक असलं. पंधरा वर्षं माल मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या होलसेलवाल्याकडून उचलतोय, आणि तिथला शेठ पण तो चीनहूनच आणतो हे काय गुपित नाही, मग म्हटलं मधला माणूस काढून बघू. म्हणून वाशीतल्या एका सोर्सिंग एजंटला, म्हणजे चीनमधून माल शोधून मागवून देणाऱ्या बाईंना, गाठलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे आणि परत कामही करायचंय.

आधी चांगलं सांगतो. या एजंट मॅडम चीनमधल्या यीवूला, म्हणजे तिकडच्या होलसेल बाजाराच्या शहरात, तीन वर्षं राहून आल्यात, फाडफाड चिनी बोलतात. यीवूचं मार्केट म्हणजे ७५,००० दुकानं, आपण एकटे गेलो तर चपला झिजतील. पण त्यांनी यीवूचा दुकानदार पण बाजूला ठेवला आणि डायरेक्ट ताइझोऊच्या ह्वांगयान भागातली फॅक्टरी पकडली, तिथे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचेच बनतात. मसाल्याच्या एका रॅकला फॅक्टरीने सांगितले ९.८ युआन, व्हिडिओ कॉलवर अर्ध्या तासात ८.१ वर आणले. मी हबकलो, एवढा कसा काय खाली आला हा? तर म्हणाल्या, अहो तिकडे २०२१ ला एव्हरग्रांड ही मोठी बिल्डर कंपनी बुडाली तेव्हापासून फ्लॅट विकले जात नाहीयेत, नवीन घर नाही तर नवीन किचन नाही, आणि किचन नाही तर तुमचा रॅक कोण घेणार. ऑक्टोबर २०२२ पासून तिकडे फॅक्टरीचे दर तेव्हा उतरतच चालले होते. सरकार जुनं द्या नवं घ्या म्हणून सबसिडी देतंय पण ती फ्रिज, एसी, गाड्यांना, प्लास्टिकच्या रॅकला कोण विचारतो! मग सगळ्या फॅक्टऱ्या एकमेकांचे भाव पाडत बसल्यात, त्याला ते नेईजुआन म्हणतात, आणि उरलेला माल बाहेर ढकलतात. २०२४ मध्ये चीनची निर्यात आयातीपेक्षा जवळपास एक लाख कोटी डॉलरने जास्त होती, त्यातले चार डॉलर माझ्या माळ्यावर पडलेत असं समजा.

मी आठ युआनच्या खाली खेचायला गेलो तर मॅडमनी अडवलं. म्हणाल्या आता अजून दाबलंत तर तो हो म्हणेल आणि व्हर्जिन म्हणजे कोऱ्या प्लास्टिकच्या दाण्यात रिसायकल दाणा मिसळेल, सॅम्पल चकाचक आणि माल ठिसूळ. हे सांगणारा एजंट विरळा. शेजारच्या दुकानदाराला खेळणी आणायची होती, त्यालाही स्पष्ट नाही सांगितलं, २०२१ पासून बीआयएस, म्हणजे आपल्या सरकारचा क्वालिटीचा मार्क, कंपल्सरी, त्यात तिकडच्या फॅक्टरीकडे लायसन्स हवं, वर ड्युटी ७० टक्के. पैसे पण बँकेतून टीटीनेच (सरळ त्यांच्या खात्यात ट्रान्सफर), हवाल्याचं नाव काढायचं नाही.

आता तक्रार. ३० टक्के ॲडव्हान्स मी जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात भरला. चिनी नवीन वर्ष होतं २९ जानेवारीला. मॅडम बोलल्या "थोडा उशीर होईल". थोडा?? कामगार आठवडाभर आधीच गावी गेले, फेब्रुवारी अर्धा संपला तरी निम्मे परत आले नाहीत, माल निंगबो बंदरातून निघाला मार्चच्या शेवटी. तीन वर्षं तिथे काढलेल्या बाईला हे माहीत नव्हतं असं मी मानणार नाही, ॲडव्हान्स घ्यायची घाई झाली होती इतकंच.

आणि दुसरी मोठी तक्रार, भाडं. कन्टेनर शेअरिंगचा रेट सीबीएमवर, म्हणजे माल किती घनमीटर जागा खातो त्यावर असतो, तो इतका कमी सांगितला की मी खूश, पण न्हावा शेव्याला माल उतरल्यावर डीओ चार्ज (माल सोडायच्या कागदाचा), सीएफएस चार्ज (कन्टेनर ठेवतात त्या गोदामाचा), माल बाहेर काढायचा चार्ज, सीएचए म्हणजे कस्टम्सच्या एजंटची फी, टेम्पो, अशी यादी निघाली की बास. तिकडून स्वस्तात चढवायचं आणि इकडे वसूल करायचं, हा या धंद्यातला जुना खेळ आहे, पण कोटेशनमध्ये एक ओळ तरी लिहायची ना! त्यात रॅक जोडलेले मागवले, म्हणजे खोक्यात अर्धी हवा. हवेचं भाडं भरलं आपण.

हिशोब असा: ८.१ युआन म्हणजे तेव्हाचे ९७ रुपये, दुकानात येईपर्यंत जीएसटी सोडून १७१ पडले. शेठ १८५ ला उधारीवर देतो, तोही दोन डझन घेतले तरी. चौदा रुपयांसाठी दोन लाख तीन महिने अडकले.

तरी ऑगस्टमध्ये परत ऑर्डर दिली, या वेळी सुटे पार्ट, स्क्रू ड्रायव्हर आपला. चीनमधल्या ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीआधी माल जहाजावर चढला पाहिजे आणि न्हावा शेव्याचे सगळे चार्जेस आधी, असं ईमेलवर लिहून घेतलं. तुम्ही गेलात तर तेवढं करा. पहिल्या लॉटमधले चाळीस रॅक अजून शिल्लक आहेत, ठाण्यातलं कोणी घेत असेल तर १९० ला देतो.