घरपोच हयातीचा दाखला: सत्तर रुपयांच्या सेवेविषयी

दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे सरकारला दाखवून द्यावे लागते, याचे आम्हा पेन्शनरांना एरवी काही वाटत नाही; बँकेत जुने सहकारी भेटतात, सही झाली की बाहेर चहा होतो. २०२० साली मात्र त्याच रांगेची धास्ती वाटू लागली. पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये असे सरकारच सांगत होते, आणि माझ्या बँकेतून फोनवर उत्तर मिळाले, "काका, तुम्हाला स्वतःच यावं लागेल." दाखल्याची मुदत पुढे २८ फेब्रुवारी २०२१पर्यंत वाढली खरी, पण तोवर साथ गेलेली असेल, याची खात्री कोण देणार?

तेव्हा मी ७४ वर्षांचा होतो, पत्नीला मधुमेह, मुलगा बंगळूरला. सोसायटीने बाहेरच्यांना मज्जाव केल्यामुळे धुण्याभांड्यांच्या मावशीही कित्येक महिने आल्या नव्हत्या. आजाराइतकीच भीती याची होती, की दवाखान्यात न्यावे लागले तर सोबत कोणालाही येऊ देणार नाहीत. आणि औषधापासून दुधापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी शेजारच्या मुलाला हाक मारताना, आयुष्यभर स्वतःची कामे स्वतः केलेल्या माणसाला जो संकोच वाटतो, तो वेगळाच.

अशा वेळी, त्याच नोव्हेंबरात, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने पोस्टमनमार्फत घरी येऊन डिजिटल दाखला काढून देण्याची सेवा सुरू केली. पेन्शनचे खाते कोणत्याही बँकेत असले तरी चालते आणि शुल्क सत्तर रुपये, करासह. रिक्षाने बँकेत जाऊन यायलाही मला याहून जास्त लागतात. पोस्टात फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या भागातले नेहमीचे पोस्टमन मोबाइल आणि बोटाचे ठसे घेणारे छोटे यंत्र घेऊन आले. कित्येक महिन्यांत उंबरठ्याच्या आत आलेला तो पहिला माणूस. त्यांनी मास्क काढला नाही, यंत्र आमच्यासमोर सॅनिटायझरने पुसले, आणि खुर्ची दाराजवळच ओढून घेतली.

अडचण आली ती माझ्या बोटांची. कारखान्यात लेथवर तीस वर्षे काढल्यामुळे आणि वयामुळे ठसे पुसट झाले आहेत. अंगठा दोनदा नाकारला गेला, तर्जनीही. तीस वर्षांच्या नोकरीचा पुरावाच आज हयातीच्या आड येतो आहे, असे पत्नी म्हणाली आणि पोस्टमनही हसले. अखेर हात कोमट पाण्याने धुऊन उजव्या हाताचे मधले बोट टेकवले, तेव्हा यंत्राने मान्य केले. मोबाइलवर प्रमाण क्रमांकाचा, म्हणजे दाखल्याच्या ओळख क्रमांकाचा, संदेश आला आणि दुसऱ्या दिवशी दाखला 'जीवन प्रमाण' या सरकारी संकेतस्थळावर दिसू लागला. बँकेला काही नेऊन द्यावे लागले नाही.

उणीव सांगायचीच तर, ठसे घेताना दोन माणसांत हातभरही अंतर राहत नाही, आणि साथीच्या दिवसांत ते खटकत होते. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली ती नोव्हेंबर २०२१मध्ये. दुसरे म्हणजे, ही सेवा आहे हे मला शेजाऱ्यांकडून कळले. ज्या वृद्धांना तिची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यापर्यंत ती बातमी पोहोचवायला बँकेचा एक साधा संदेशही पुरला असता.

बोलावणार असाल तर आधार कार्ड, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, पेन्शन खात्याचा क्रमांक आणि चार्ज केलेला मोबाइल हाताशी असू द्यावा, आणि पोस्टमन येण्याआधी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करून ठेवावेत.